गाळा बघायला जाताना टेप न्या आणि करारातली मुदत दोनदा वाचा

परवा संध्याकाळी माझ्या मावसबहिणीची मुलगी पेढ्यांचा बॉक्स घेऊन घरी आली. चप्पल काढता काढताच म्हणाली, "मावशी, जागा मिळाली! गोखले रोडच्या अगदी तोंडाशी. केकचं दुकान काढतेय." खूप बरं वाटलं. चार वर्षं ती घरच्या ओट्यावर केक करून विकतेय, रात्री दोन-दोनपर्यंत जागते. मग तिने पर्समधून कराराचा कच्चा मसुदा काढला. मालकाने सांगितलंय, गुरुवारपर्यंत टोकन द्या, दुसरी पार्टी तयार आहे.

मी चष्मा लावला, पेन्सिल घेतली आणि तो मसुदा पहिल्या पानापासून वाचायला बसले. चहा गार झाला. तिसऱ्या पानावर माझी पेन्सिल थांबली ती थांबलीच. तिथे लिहिलं होतं : करार ३६ महिन्यांचा. त्यातले २४ महिने लायसन्सीने, म्हणजे हिने, जागा सोडायची नाही. सोडली तर उरलेल्या महिन्यांचं भाडं भरायचं. आणि पुढच्याच ओळीत, मालकाला मात्र एक महिन्याची नोटीस देऊन केव्हाही जागा परत घेता येईल.

ही पोस्ट त्या दोन ओळींमुळे लिहितेय. लांब होणार आहे. पण ठाणे, डोंबिवली, दादर, पुणे, कुठेही भर बाजारात भाड्याने दुकान घ्यायचा विचार असेल तर वाचा.

माझं नऊ वर्षं ठाण्याच्या नौपाड्यात बाळंतविड्याच्या कपड्यांचं दुकान होतं. झबली, टोपडी, दुपटी, कुंच्या, बारशाचं सगळं सामान. जून २०१३ ला गाळा घेतला, भाडं ३८ हजार. तीन-तीन वर्षांचे तीन करार झाले. दुसऱ्या करारात ४५, तिसऱ्यात ५२. मालक माणूस म्हणून वाईट नव्हते. लॉकडाऊनमध्ये त्यांनी तीन महिने निम्मं भाडं घेतलं, ते मी कधी विसरणार नाही. पण २०२२ च्या एप्रिलमध्ये त्यांचा फोन आला, "ताई, पुढचा करार ९५ हजारांनी करू. नाहीतर शेजारचा आणि तुमचा गाळा एकत्र करून मोबाइलचं शोरूम येतंय, त्यांची तयारी आहे." हातात होते जेमतेम पाच आठवडे.

५२ वरून ९५. झबली-टोपडी विकून ते निघत नाही. मे अखेर आम्ही गाळा सोडला.

सोडतानाचं एक सांगते. दुकानातल्या खांबावर मी उंची मोजायची पट्टी रंगवून घेतली होती. बाळाचे कपडे घ्यायला येणाऱ्या आयांबरोबर मोठं भावंड असायचं, त्याला तिथे उभं करून पेन्सिलने खूण करायची आणि बाजूला नाव लिहायचं. पुढच्या दिवाळीला ते मूल धावत येऊन आधी खांब बघायचं. सुताराने रॅक उकलले, काचेचं काउंटर उतरवलं, दिवे काढले. खांब तिथेच राहिला. आठवड्याने तिथून गेले तर त्यावर पांढरा रंग मारून झाला होता.

भावनेचं बाजूला ठेवू, हिशोबाचं बोलू. २०१९ मध्ये तिसरा करार झाल्यावर मी हौसेने आतलं सगळं नव्याने केलं. फर्निचर, काचा, एसी, लायटिंग मिळून साडेसहा लाख. करार होता ३६ महिन्यांचा. साडेसहा लाखांना ३६ ने भागा, महिन्याला १८ हजार येतात. म्हणजे मी ५२ हजार भाडं देतेय असं समजत होते, पण खरा खर्च होता ७० हजार. हाच करार ६० महिन्यांचा असता तर फर्निचरचा बोजा महिन्याला ११ हजारांच्या आत आला असता. हे गणित मी गाळा सोडल्यावर एका रात्री मांडलं. २०१९ मध्ये मांडायला हवं होतं. मला कोणी सांगितलं नाही, म्हणून मी सांगतेय.

भर रस्त्यावरच्या दुकानात भाडेकरूचा पैसा दुसऱ्याच्या भिंतींत जातो. त्या भिंती किती दिवस आपल्या आहेत, हा पहिला प्रश्न. भाडं किती, हा दुसरा.

आता ११ महिन्यांच्या कराराबद्दल. आपल्याकडे अजून लोक मानतात की ११ महिन्यांचा केला की नोंदणी टळते. महाराष्ट्रात तसं नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार, म्हणजे ठरलेल्या मुदतीपुरती जागा वापरायची नुसती परवानगी, कितीही मुदतीचा असो, तो लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. केली नाही तर त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. आणि नोंदवलेला करारच नसेल तर अटी काय ठरल्या होत्या याबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. म्हणजे ११ महिन्यांत वाचत काहीच नाही. दर वर्षी नवी बोलणी, नवी वाढ, नवी दलाली एवढंच होतं.

मुद्रांकाचंही बघा. करार ६० महिन्यांपर्यंतचा असेल तर एकूण भाडं आणि डिपॉझिटवरचं वर्षाला दहा टक्के दराने धरलेलं व्याज, या बेरजेवर पाव टक्का. आमच्या पोरीचं भाडं ६० हजार, डिपॉझिट ३ लाख ६० हजार. ३६ महिन्यांचे होतात ५,६७० रुपये, ६० महिन्यांचे ९,४५०. फरक ३,७८० रुपयांचा! नोंदणी फी शहरात दोन्हीला एक हजारच. दोन वर्षांची निश्चिंती एवढ्या पैशात मिळत असताना आपण ती मागतच नाही.

मालकांची बाजूही मला कळते. जुन्या भाडेकायद्यात कित्येक जागांची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठली आणि पन्नास-पन्नास वर्षं तशीच राहिली. आपल्याच बाजारपेठेत पागडीची, म्हणजे सुरुवातीला ठोक रक्कम देऊन जुन्या भाडेहक्काने घेतलेली, दुकानं आहेत, त्यांचं महिन्याचं भाडं एका केकच्या किमतीएवढं असतं. ज्यांच्या आजोबांनी ते पाहिलंय त्यांना भाडेकरू म्हटलं की धडकी भरते. म्हणून मुदत लहान ठेवायची, जागेवर हक्क सांगता येऊ नये असा शब्दन् शब्द घालायचा. पण लिव्ह अँड लायसन्समध्ये ती भीती उरलेली नाही. मुदत संपली की परवानगी संपली. मग पाच वर्षं द्यायला हरकत कसली? दर वर्षी पाच टक्के वाढ लिहून घ्या, आम्ही आनंदाने देऊ. आम्हाला फक्त आधी कळायला हवं की किती.

आणि एक गोष्ट मालकांना हात जोडून सांगायची आहे. या रस्त्यांचा भाव कशामुळे वाढला? राम मारुती रोडला, गोखले रोडला लोक भिंती बघायला येत नाहीत. दुकानं आहेत म्हणून येतात. साडीवाला, भांडीवाला, फरसाणवाला, बाळंतविड्याची बाई, यांनी पंधरा-वीस वर्षं तिथे उभं राहून गिऱ्हाईक जोडलं. त्या गिऱ्हाइकाचा भाव लावून तुम्ही आमच्याकडूनच जास्त मागता आणि आम्हाला झेपलं नाही की आम्ही बाहेर. हे मला मान्य नाही.

जागा कशी बघायची तेही लिहिते, कारण पोरीने तो गाळा दुपारी साडेबाराला पाहिला होता. मी तिला म्हटलं, अगं, दुपारी काय कळणार? संध्याकाळी सात ते नऊ समोरच्या बाजूला उभी राहा. एक दिवस मधल्या वारी, एक दिवस रविवारी. गर्दी मोजू नकोस, थांबणारी माणसं मोज. स्टेशनकडे सकाळी धावणारा माणूस दुकान बघत नाही, त्याला आठ अठराची लोकल दिसत असते. तोच माणूस संध्याकाळी परत येताना रस्त्याच्या कोणत्या बाजूने चालतो, यावर धंदा आहे. दारासमोर बसस्टॉप किंवा शेअर रिक्षाची रांग असेल तर गर्दी भरपूर दिसते, पण ती माणसं तुमच्याकडे पाठ करून उभी असतात आणि तुमची काच झाकून टाकतात.

पायऱ्या बघा. आमच्या पहिल्या पसंतीच्या गाळ्याला चार उंच पायऱ्या होत्या. यांना चालल्या असत्या. मला दिसत होती गुडघे दुखणारी आजी, कडेवर नातू घेऊन. तो सोडला आणि रस्त्याच्या पातळीवरचा घेतला, तो निर्णय शंभर टक्के बरोबर ठरला.

टेप न्या हे तर मथळ्यातच लिहिलंय. दलालाने मला गाळा २२० फूट सांगितला होता. मोजला तर आत १४८. बाकीचे फूट जिना, पॅसेज आणि भिंतींच्या जाडीत. भाडं २२० वर लावलेलं. आणि पोटमाळा मोजून दाखवतील तर तो मंजूर नकाशात आहे का ते विचारा, नंतर टाकलेला असेल तर महापालिकेची नोटीस आल्यावर माल कुठे ठेवणार?

केकवाल्यांसाठी वेगळं : ओव्हनला विजेचा लोड किती लागतो आणि मीटरवर मंजूर किती आहे ते आधी बघा. मीटर मालकाच्या नावावर, लोड वाढवायला सही त्याची. तो सही देईल हे करारात लिहून घ्या. आत मोरी आणि पाण्याची लाइन आहे का? सोसायटीचं खाद्यपदार्थांच्या दुकानाला ना-हरकत आहे का? गाळा कागदोपत्री दुकान आहे की तळमजल्याच्या फ्लॅटची पुढची खोली फोडून केलाय, हे मालमत्ता कराच्या बिलावरून आणि मंजूर नकाशावरून कळतं.

जीएसटीचं थोडक्यात. मालक नोंदणीकृत असेल तर भाड्यावर १८ टक्के वेगळे, ते बोलणीतच स्पष्ट करा. ऑक्टोबर २०२४ पासून मालक नोंदणीकृत नसला आणि तुम्ही असाल तरी तो कर भरायची जबाबदारी तुमच्यावर येते, कंपोझिशनवाल्यांना, म्हणजे लहान व्यापाऱ्यांसाठीच्या ठोक दराच्या योजनेत असलेल्यांना, त्यातून सूट आहे. नेमकं आपल्या सीएला विचारा.

नौपाड्यात तर आणखी एक विचारायलाच हवं. जुन्या इमारती एकामागून एक पुनर्विकासाला जाताहेत. इमारत पडली की गाळ्याच्या मालकाला नवा गाळा मिळतो. लायसन्सवर बसलेल्याला काही मिळत नाही. म्हणून सोसायटीत पुनर्विकासाचा ठराव झालाय का, बिल्डर ठरलाय का, हे वॉचमनपासून सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांना विचारा. आणि मुदतीआधी जागा सोडावी लागली तर फर्निचरच्या खर्चातला उरलेल्या महिन्यांचा हिस्सा मालकाने द्यायचा, असं कलम मागा. मागितलं तर निदान बोलणं तरी सुरू होतं.

डिपॉझिटचंही तसंच. पोरीच्या मसुद्यात होतं, ताबा दिल्यावर ६० दिवसांत परत. मी ते खोडलं. एका हाताने किल्ली, दुसऱ्या हाताने चेक. माझ्या डिपॉझिटमधून "दुरुस्ती"चे ४० हजार कापले गेले, आणि जी दुरुस्ती झाली ती शेजारची भिंत पाडण्याची होती. म्हणून सांगते, ताबा घेताना भिंती, फरशी, शटर, सगळ्याचे फोटो काढा आणि त्याच दिवशी मालकाला व्हॉट्सअॅप करा.

आता माझं दुकान आतल्या गल्लीत आहे. भाडं निम्म्याहून कमी, करार ६० महिन्यांचा, लॉक-इन, म्हणजे जागा सोडायची किंवा परत घ्यायची नाही तो काळ, दोघांनाही सारखं. जुन्या गिऱ्हाइकांपैकी पुष्कळ जण विचारत विचारत आले. सगळे नाही आले. जाता-येता काचेतली कुंची बघून आत शिरणारं गिऱ्हाईक तर गेलंच, ते गल्लीत येत नाही. ते नुकसान आहे आणि ते मी रोज गल्ल्यात बघते. म्हणून कोणी "मोक्याच्या जागेच्या मागे लागू नका" असं सांगितलं तर मी मान डोलावणार नाही. मोक्याची जागा घ्याच. आमच्यासारख्या लहान दुकानांनी मुख्य रस्ते सोडले तर तिथे उरणार काय, मोबाइल आणि सोनं?

काल रात्री पोरीचा फोन आला. मालक लॉक-इन दोन्ही बाजूंनी करायला तयार झालेत. ६० महिन्यांना अजून नाही म्हणतात, ४८ वर आलेत. विजेच्या लोडची सही द्यायला हरकत नाही म्हणाले. पुनर्विकासाच्या कलमावर "बघू" म्हणाले. गुरुवारी अकरा वाजता परत भेटायचं ठरलंय. मी बरोबर जातेय. टेप पर्समध्ये टाकून ठेवलीय, कारण गाळा १८० फूट आहे हे अजून फक्त दलालानेच सांगितलंय.