आज काय, सिनेमा वाटतं?

दारातून आधी हे वाक्य आत आलं आणि मागून शेजारच्या वर्गातले गणिताचे सर. आवाज कमी करा, एवढंच सांगायला आले होते. आले ते शेवटच्या बाकावर बसले आणि घंटा होईपर्यंत हलले नाहीत. त्या वाक्याचा राग अजून उतरलेला नाही. बसण्याचा तर त्याहून नाही.

रसायनशास्त्राच्या बाईंनी परीक्षानळीतलं पाणी निळं केलं की तो प्रयोग. भूगोलाच्या सरांनी पृथ्वीचा गोल फिरवला की ते शैक्षणिक साधन. इतिहासवाल्यानं पडदे ओढले की मात्र सिनेमा, आणि गड्याला आज शिकवायचा कंटाळा आलेला दिसतो, हे त्यात गृहीत. बरं, हा समज काही हवेतून आलेला नाही. ५० मिनिटांचा माहितीपट पहिल्या मिनिटापासून लावायचा, आपण मागे बसून वह्या तपासायच्या आणि घंटा झाली की 'उरलेलं उद्या' म्हणायचं, असे तास होतात. आमचं नाव त्यांनीच घालवलं.

खरा हिशेब वेगळा आहे. ४० मिनिटांच्या तासात दाखवायचा तुकडा चार ते सहा मिनिटांचा. त्याहून लांब झाला की मुलं नुसती पडद्याकडे तोंड करून बसतात. तो तुकडा सापडायला अख्खा माहितीपट एकदा पाहायचा आणि सापडलेला तुकडा तीनदा. कागदावर वेळा टिपायच्या: ०३:१२ खंदक, ०४:०५ थांबायचं, ०४:४० निवेदक 'सगळे' म्हणतो, सगळे म्हणजे कोण? प्रश्न फळ्यावर आधी लिहायचा. नंतर विचारला तर मुलं पडद्यावर काय होतं ते सांगत नाहीत, आपल्याला काय ऐकायला आवडेल ते सांगतात. पहिली फेरी आवाज बंद ठेवून. वहीत तीन रकाने: काय दिसलं, काय ऐकू आलं, हे कोण सांगतंय. पहिल्या फेरीत शेवटचे दोन रकाने कोरे राहतात. दुसरी फेरी आवाजासकट. मग मुलांच्या लक्षात येतं की 'आम्ही पाहिलं' म्हणून जे ठोकून सांगत होतो, त्यातलं बरंचसं नुसतं ऐकलेलं होतं.

सर आले ते दुसऱ्या फेरीत.

आवाज मोठा होता हे मान्य. पण तो का मोठा होता, हे कुणी विचारत नाही. लॅपटॉप एचडीएमआय केबलनं प्रोजेक्टरला जोडला की चित्राबरोबर आवाजही मुकाट्यानं तिकडेच जातो. प्रोजेक्टर छताला उलटा टांगलेला, त्यातला स्पीकर तळहाताएवढा आणि त्याच्या शेजारी पंखा घरघरतोय. पहिल्या बाकाला पंखा ऐकू येतो, शेवटच्या बाकाला काहीच नाही. उपाय सोपा आहे: लॅपटॉपच्या साउंडच्या सेटिंगमध्ये जाऊन आउटपुट बदलायचं आणि वेगळा स्पीकर पडद्याच्या खाली ठेवायचा, म्हणजे बोलणारा आणि त्याचा आवाज एकाच दिशेनं येतात. पण इथे दुसरी गोम आहे. माहितीपटाचा निवेदक कानात गुपित सांगितल्यासारखा बोलतो आणि तोफा मात्र तोफांसारख्या उडतात. निवेदक ऐकू यावा म्हणून आवाज वाढवला की पुढच्या स्फोटाला शेजारच्या वर्गाच्या खिडक्या थरथरतात. त्या वर्गात त्या दिवशी वर्गसमीकरणं चालू होती.

पडद्यावर 'द बॅटल ऑफ द सोम'मधली दृश्यं होती. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये झालेल्या सोमच्या लढाईचा, जेफ्री मॅलिन्स आणि जॉन मॅकडॉवेल या दोघांनी चित्रित केलेला हा मूकपट लढाई चालू असतानाच, ऑगस्ट १९१६ मध्ये, लंडनच्या थिएटरांत लागला. मी लावला होता तो अलीकडच्या एका माहितीपटातला तुकडा, त्याच मुक्या दृश्यांवर तोफा, शिट्ट्या आणि एक रडवं व्हायोलिन चढवलेला. सैनिक खंदकातून वर चढतात, एक जण तिथेच घसरून खाली येतो, बाकीचे धुराकडे चालू लागतात. ०४:०५ ला मी चित्र थांबवलं.

"का थांबवलंत?" शेवटच्या बाकावरून.

"प्रश्न विचारायचाय, सर."

"तो शेवटी विचारा की. लिंक तुटते."

"तुटावी म्हणूनच थांबवलंय."

"अहो, पण तो माणूस वर चढतोय!"

"तो १९१६ पासून चढतोय. अजून दोन मिनिटं चढेल."

मुलं हसली. सर हसले नाहीत. त्यांचा जीव खरोखर त्या माणसात अडकला होता. माहितीपट थांबवणं म्हणजे कुणाचं तरी बोलणं मधेच तोडणं, अशी मोठ्या माणसांची ठाम समजूत असते. आणि निवेदकाला तेच हवं असतं. भारदस्त आवाज, मागे व्हायोलिन आणि शंका काढायला कुठे जागा नाही. तुमच्या हातात एकच शस्त्र, स्पेसबार.

तेवढ्यात पुढच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "कॅमेरावाला कुठे उभा होता?"

हा प्रश्न यावा म्हणून मी तो तुकडा निवडला होता. रात्री उशिरापर्यंत जागून. उत्तर वर्गाकडून काढून घ्यायचं होतं, पण ते शेवटच्या बाकावरून आलं.

"खंदकात. दुसरं कुठे असणार?"

"पण सर, कॅमेरा तर वरून बघतोय."

"मग खंदकाच्या वर असेल."

"तिपाई लावून? गोळ्या चालू असताना?"

सर थांबले. उठून पडद्याजवळ गेले. प्रोजेक्टरच्या झोतात उभे राहिले, त्यामुळे अर्धं ब्रिटिश सैन्य त्यांच्या शर्टावर चढू लागलं. बोट लावून म्हणाले, "यांच्या पाठीवर सामान कसं नाही? हल्ल्याला निघालेत आणि हात हलवत?" आता हे वाक्य माझं होतं. माझ्या कागदावर ते ०४:१८ ला लिहिलेलं होतं. मी तसं म्हणू शकलो नाही.

तर हे चढाईचं दृश्य आघाडीच्या मागे, प्रशिक्षणाच्या जागी रचून घेतलेलं होतं, असं अभ्यासक मानतात. कारणं मुलांनी शोधली तीच: कॅमेऱ्याची अशक्य जागा आणि सैनिकांच्या पाठीवर नसलेलं ओझं. आणि इथेच तास बिघडतो, दर वेळी, न चुकता. कुणीतरी मागून म्हणतं, "म्हणजे सगळं खोटंच." एका मिनिटापूर्वी हीच मुलं पडद्यावरचं सगळं खरं मानत होती. म्हणून रचलेलं दृश्य कधी एकटं दाखवू नये. त्याच मूकपटात हॉथॉर्न रिज या टेकडीवरच्या जर्मन ठाण्याखाली उडवलेला सुरुंग आहे. १ जुलै १९१६, सकाळी ७ वाजून २० मिनिटं, जमिनीखाली सुमारे १८ टन स्फोटकं, आणि ती उसळणारी माती मॅलिन्सनं खरोखर चित्रित केलेली. खरा सुरुंग आणि रचलेली चढाई एकाच चित्रपटात. दोन्ही लागोपाठ दाखवायचं आणि विचारायचं: हे कशावरून खरं, ते कशावरून रचलेलं? सुरुंगाच्या वेळी कॅमेरा लांब आहे, माणसं मुंगीएवढी आहेत, चित्र काही फार देखणं नाही. इतिहासात खरं बहुतेक वेळा असं लांबून आणि थोडं अंधुक दिसतं. देखणं दिसलं की चौकशी करावी.

अशा चौकशीला मालाची कमी नाही. रॉबर्ट फ्लाहर्टीच्या १९२२ च्या 'नानूक ऑफ द नॉर्थ' या माहितीपटात बर्फाच्या घरात एक कुटुंब उठतं, आवरतं. घरात कॅमेरा मावत नव्हता, उजेडही पुरत नव्हता, म्हणून घर अर्धंच बांधलं होतं. म्हणजे ती माणसं उघड्यावर, थंडीत, झोपेतून उठल्याचं काम करत होती. १९३६ च्या 'नाइट मेल'मध्ये धावत्या रेल्वेत टपाल निवडणारे कर्मचारी खरे, पण डबा स्टुडिओतला. जागच्या जागी उभ्या डब्यात त्यांना डुलायला सांगितलं होतं. मुलांना एक मिनिटभर तसं डुलून वाचायला लावावं. त्या दृश्यातली मेहनत दुसऱ्या कशानं कळत नाही.

आणि फोटोचं म्हणाल तर तिथेही हात साफ नाहीत. अमेरिकी यादवीच्या काळात, १८६१ ते ६५, एकेका फोटोला काही सेकंद लागत. हललेला माणूस धूसर होई. म्हणून त्या युद्धाच्या फोटोंत लढाई नसतेच, लढाईनंतरचं मैदान असतं. मेलेली माणसं हलत नाहीत, ही छायाचित्रकाराची सोय. तरी जुलै १८६३ मध्ये गेटिसबर्गच्या रणांगणावर छायाचित्रकार अलेक्झांडर गार्डनरच्या मंडळींनी एका सैनिकाचं प्रेत सुमारे ४० यार्ड उचलून नेलं, दगडांच्या आडोशाला नीट ठेवलं, शेजारी बंदूक टेकवली आणि नेमबाजाचा मृत्यू म्हणून फोटो काढला. तोच माणूस दोन जागी मेलेला दिसतो, हे ध्यानात यायला जवळपास शंभर वर्षं गेली. माहितीपटात असा फोटो आला की कॅमेरा त्याच्यावर हळूहळू सरकतो, सतार किंवा व्हायोलिन वाजतं, आणि विचारायचं राहून जातं. सरकायच्या आधी फोटो पूर्ण दाखवावा. चौकटीच्या कडेला काय कापलंय, ते महत्त्वाचं असतं.

असो. मी विषय सोडला, पण सरांनी सोडला नव्हता. ते अजून पडद्याजवळ होते.

"ही माणसं इतकी तुरुतुरु का चालतात?"

हा प्रश्नसुद्धा माझ्या कागदावर होता, ०५:३० ला. मी घाईघाईनं सांगून टाकलं: तेव्हा कॅमेऱ्याचा दांडा हातानं फिरवत. एका फेऱ्यात आठ चित्रं, सेकंदाला साधारण दोन फेरे. म्हणजे सेकंदाला १६ चित्रं. बोलपट आल्यावर यंत्रं २४ ची झाली. १६ नं घेतलेलं २४ नं चालवलं की माणसं पळतात. काही माहितीपट वेग दुरुस्त करतात, काही करत नाहीत. दुरुस्त नसेल तर प्लेअरमधला वेग ०.७५ किंवा त्याखाली आणायचा. मग तीच माणसं दमलेली दिसतात. हसणारा वर्ग गप्प होतो.

"म्हणजे दीडपट!" सर म्हणाले. आणि त्यांनी खडू उचलला.

मी 'सर, तो प्रश्न पुसू नका' म्हणेपर्यंत त्यांनी माझा प्रश्न पुसला होता. फळ्यावर '२४ ÷ १६ = १.५' उमटलं. मग त्यांनी मला विचारलं, एका फुटात चित्रं किती? मी म्हटलं, ३५ मिलिमीटरच्या फिल्ममध्ये १६. "झालं तर! सेकंदाला एक फूट. १००० फुटांचं रीळ १००० सेकंद, म्हणजे १६ मिनिटं ४० सेकंद. तेच २४ नं?" वर्गातून आवाज आला, ११ मिनिटं ७ सेकंद. "मग साडेपाच मिनिटं गेली कुठे?" मुलं बाकांवरून उठली. सैनिकाचा चालण्याचा वेग ताशी ५ किलोमीटर धरला तर पडद्यावर साडेसात. साडेसात म्हणजे पळणंच की. सर कपाळावर खडूचा पांढरा ठिपका घेऊन विचारत होते, "मग हा माणूस घाबरून पळतोय का? बोला! का नाही?"

पडद्यावर सैनिक गोठून उभा. व्हायोलिन बंद. ऑटोप्ले बंद करायचं मी विसरलो नव्हतो, लॅपटॉप झोपू नये म्हणून सेटिंगही बदललं होतं, मोबाइलचं नोटिफिकेशन पडद्यावर येऊ नये म्हणून नेट तोडलं होतं, क्लिप आधीच उतरवून ठेवली होती, चित्राची खालची कड चार फुटांवर घेतली होती म्हणजे मागच्यांना सबटायटल्सच्या जागी पुढच्यांची डोकी दिसू नयेत. एवढं सगळं केलं होतं. एका गणिताच्या शिक्षकाची तरतूद तेवढी केली नव्हती.

शेवटच्या पाच मिनिटांत हेडसर बाहेरून जाताना थांबले. दारात उभे राहून त्यांनी अंधारातला पडदा पाहिला, कपाळाला आठ्या पाडल्या. मग त्यांची नजर फळ्यावर गेली.

"अरे वा," गणिताच्या सरांकडे बघून ते म्हणाले, "तास चालू आहे का? मला वाटलं, सिनेमा."

सरांनी मान हलवली, हातातला खडू झटकला. जाताना माझ्याजवळ थांबून हळूच म्हणाले, "उद्या तो सुरुंग परत लावा. माझा चौथा तास मोकळा असतो. आणि मधेमधे थांबवू नका हो."