‘तिथं सगळं आपलंच आहे’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

इंडोनेशियातल्या जावा बेटाविषयीच्या माझ्या लेखांवर तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया वाचली. ती सविस्तर आहे आणि मनापासून लिहिलेली आहे, त्यामुळे दोन ओळींत आभार मानून मोकळं होणं मला पटेना. बाकीच्या वाचकांसाठी तुमचे मुद्दे थोडक्यात असे : योग्याकार्ता, सोलो, कुदुस या शहरांवर मी पानंच्या पानं लिहिली आणि प्रांबानानची हिंदू देवळं आणि बोरोबुदुरचा बौद्ध स्तूप एका परिच्छेदात उरकले. मशिदी, बाजार, रस्त्यावरच्या गाड्या यांचं कौतुक केलं, पण ‘हे मुळात आपलंच आहे, धर्म बदलूनही त्यांनी ते सांभाळलं’ असं एकदाही ठणकावून म्हटलं नाही. नोटेवरचा गणपती आणि जकार्तातला कृष्णार्जुनाचा रथ यांचा साधा उल्लेख नाही. खरी संस्कृती बालीत उरलेली असताना जावात वेळ कशाला घालवला? आणि शेवटी, शाकाहारी माणसानं तिथं खायचं काय?

खाण्याचं शेवटी सांगते. बाकी सगळ्या आक्षेपांच्या मुळाशी एकच समजूत आहे, आणि ती मला मान्य नाही. जावातल्या लोकांनी आपली ठेव जपून ठेवलेली नाही. हजार-बाराशे वर्षांपूर्वी त्यांनी कथा घेतल्या, देव घेतले, कालगणना घेतली, आणि त्यातून स्वतःचं असं काही उभं केलं. ते आजही वाढतं आहे, बदलतं आहे. ‘आपलं’ म्हणून बघायला गेलं की त्यातलं ओळखीचं तेवढंच डोळ्यांत भरतं आणि बाकीचं दिसेनासं होतं. त्या ‘बाकीच्या’साठीच मी ते लेख लिहिले.

नोटेपासूनच सुरुवात करू, कारण ती आपल्या सगळ्यांच्या व्हॉट्सअॅपवर दरवर्षी गणेशोत्सवात येते. ती २०,००० रुपियाची नोट १९९८ सालची. चलनातून काढून घेतली त्यालाही आता बरीच वर्षं झाली, म्हणजे आज जकार्तात उतरून पैसे बदललेत तर ती हाती येणार नाही. पण मला त्या नोटेवरच्या दुसऱ्या चित्राबद्दल बोलायचंय, जे फॉरवर्डमध्ये कुणी सांगत नाही. गणपतीच्या शेजारी चेहरा आहे कि हाजार देवांतारा यांचा. डच राजवटीत सामान्य जावानी मुलांना शिकता यावं म्हणून या माणसानं १९२२ साली योग्याकार्तात ‘तामान सिस्वा’ ही शाळा काढली. नोटेच्या मागच्या बाजूला वर्गात बसलेली मुलं आहेत. गणपती तिथं विद्येची खूण म्हणून आला आहे. बांडुंगच्या तंत्रविद्यापीठाच्या बोधचिन्हावरही तो त्याच नात्यानं आहे. योग्याकार्तात देवांतारांची ती संस्था अजून चालू आहे आणि त्यावर मी लेखात दीड पान लिहिलं होतं. माझ्या मते नोटेची खरी गोष्ट तीच आहे.

आता कालगणना. हे उदाहरण मराठी माणसाला विशेष जवळचं वाटेल. जावातही शक चालत होता, तोच, जो आपल्या पंचांगाच्या पहिल्या पानावर असतो. १६३३ साली, म्हणजे इकडे शिवाजी महाराज तीन वर्षांचे असताना, मध्य जावातल्या माताराम राज्याच्या सुलतान आगुंगनं ठरवलं की महिने हिजरी पद्धतीनं, चंद्रावर मोजायचे, पण वर्षांचा आकडा मोडायचा नाही. शके १५५५ चालू होतं, ते तसंच पुढे न्यायचं. अधिक महिना गेल्यामुळे त्यांचं वर्ष अकराएक दिवसांनी लहान झालं, आणि आज त्यांचा आकडा आपल्या शकाच्या बारा वर्षं पुढे आहे. शिवाय त्यांचा पाच दिवसांचा आठवडा वेगळाच : लेगी, पाहिंग, पोन, वागे, क्लिवोन. सात वारांशी त्याची सांगड घालून पस्तीस दिवसांचं एक चक्र होतं. माणसाचा जन्म कुठल्या जोडीवर झाला ते अजून पाहतात, लग्न ठरवतानाही. आता मला सांगा, ही कालगणना कुणाची? शकाचा आकडा भारतातून गेलेला, महिने अरबस्तानातले, पाच दिवसांचं चक्र जावाचं, आणि हे सगळं एकत्र बांधणारा राजा मुसलमान. यातला एक धागा ओढून ‘हा आमचा’ म्हणता येईल, पण तेवढ्यानं वस्त्र आपलं होत नाही.

तुम्ही लिहिलंय की रामायण-महाभारत त्यांनी ‘जसंच्या तसं’ जपलं. तसं नाही, आणि मला तर त्यातच त्यांचं मोठेपण वाटतं. एका रात्रीबद्दल लेखात ओझरतं लिहिलं होतं, इथं जरा सविस्तर सांगते.

योग्याकार्ताच्या कडेच्या एका गावात सुगीनंतरचा ग्रामशुद्धीचा विधी होता. त्यानिमित्त गावानं वायांग, म्हणजे चामडी बाहुल्यांचा खेळ ठेवला होता. तिकीट नाही, दार नाही. मांडवात पांढरा पडदा, त्याच्या तळाशी केळीचा आडवा खांब, आणि त्यात दोन्ही बाजूंनी दाटीवाटीनं खोचलेल्या बाहुल्या. दालांग, म्हणजे बाहुल्या खेळवणारा, मांडी घालून बसलेला. पन्नास पात्रांचे आवाज तो एकटा काढतो, बाहुल्या तोच नाचवतो, डाव्या हातातल्या लाकडी ठोकळ्यानं पेटाऱ्यावर ठोके देत मागच्या गामेलानला, म्हणजे वाद्यांच्या ताफ्याला, लय सांगतो, आणि हात अडकलेले असले की उजव्या पायानं धातूच्या पट्ट्या वाजवतो. रात्री नऊच्या सुमाराला सुरू झालेला खेळ पहाटेपर्यंत चालतो. मधून कुणी डुलकी काढतं, कुणी चहा आणतं, पोरं आईच्या मांडीवर झोपतात, आणि मध्यरात्रीनंतर विदूषकांचा प्रवेश आला की सगळा मांडव जागा होतो.

हे विदूषक म्हणजे म्हातारा सेमार आणि त्याची तीन पोरं, गारेंग, पेत्रुक आणि बागोंग. पांडवांचे नोकर. पोट सुटलेलं, बोलणं गावरान. पण सेमार मुळात देव आहे, बातारा गुरूचा, म्हणजे शिवाचा, थोरला भाऊ. माणसांची सेवा करायला खाली आलेला. व्यासांच्या महाभारतात याचा मागमूसही नाही. त्या रात्री सेमार गावच्या रस्त्याबद्दल, खताच्या भावाबद्दल बोलत होता आणि लोक टाळ्या देत होते. शेजारी बसलेल्या काकू मला मोडक्यातोडक्या इंग्रजीत सगळं समजावत होत्या. त्यांनी विचारलं, ‘तुमच्याकडे सेमार कसा बोलतो?’ म्हटलं, आमच्या महाभारतात सेमार नाही. त्यांना खरंच कळेना. ‘मग पांडवांना सल्ला कोण देतं?’ मी म्हटलं, कृष्ण. त्यावर त्या म्हणाल्या, ‘पण कृष्ण तर सेमारला विचारतो.’

त्या काकू पाच वेळा नमाज पढणाऱ्या होत्या. त्यांच्या दृष्टीनं मूळ महाभारत त्यांच्याकडेच होतं आणि आमच्याकडच्या प्रतीत काहीतरी राहून गेलं होतं. हा प्रसंग मी ‘आपल्याच संस्कृतीचा पुरावा’ म्हणून कसा मांडू?

बदल एवढाच नाही. जावानी वायांगमध्ये द्रौपदी पाचांची बायको नाही, एकट्या युधिष्ठिराची. आपल्या महाभारतातल्या तिच्या पाच मुलांऐवजी एकच मुलगा आहे, त्याचं नाव पांचावाला. शिखंडीचं रूप तर पार पालटलं : स्रीकांडी ही उघड उघड स्त्री, धनुर्धर आणि अर्जुनाची बायको. इंडोनेशियाला ऑलिंपिकमधलं पहिलं पदक १९८८ साली सोलमध्ये मिळालं, महिला तिरंदाजांच्या संघाला, आणि त्या तिघींना देशानं स्रीकांडीच म्हटलं. युधिष्ठिराचं अस्त्र तिथं ‘कालिमासादा’ आहे, आणि जावानी मुसलमान त्याचा अर्थ इस्लामचा कलमा असा लावतात. हे वाचून तुम्हाला खटकेल कदाचित. पण आपणही हेच केलंय. नाथांनी भावार्थ रामायण रचलं ते काही वाल्मीकींची राखण करायला नाही. पैठणच्या माणसाला आपल्या भाषेत, आपल्या काळात राम सांगायचा होता म्हणून. नाथांचं रामायण आपण नाथांचंच म्हणतो ना? मग दालांगला तेवढा मान द्यायला काय हरकत आहे?

मशिदींबद्दल. कुदुसच्या मशिदीवर मी इतकं का लिहिलं, असा तुमचा सवाल आहे. १५४९ सालची ही मशीद, आणि तिच्या पुढ्यातला मिनार लाल विटांचा, जोत्यापासून वरपर्यंत जावानी देवळाच्या घडणीचा, माथ्यावर उतरतं छप्पर आणि आत नमाजाची वेळ सांगणारा मोठा नगारा. त्या शहरात आजही गाय कापत नाहीत. मटणाच्या दुकानात, रश्शात, ईदच्या कुर्बानीतही म्हैस. इथं इस्लाम रुजवणारे संत सुनान कुदुस यांनी पाचशे वर्षांपूर्वी हिंदू शेजाऱ्यांचं मन राखण्यासाठी तसं सांगितलं होतं, असं लोक मानतात. आता तिथं हिंदू शेजारी नावापुरते आहेत, तरी रीत चालू आहे. याला मी एक परिच्छेद देऊन पुढे जायचं होतं का?

आणि योग्याकार्तातला सेकातेन हा उत्सव. पैगंबरांच्या जयंतीआधीचा आठवडाभर राजवाड्यातले दोन गामेलान, क्याई गुंतुर मादू आणि क्याई नागा विलागा, मिरवत नेऊन काउमानच्या मोठ्या मशिदीच्या अंगणात दोन बाजूंच्या मंडपांत मांडतात. वाद्यांना ‘क्याई’ हे आदराचं नाव, जे तिथं धर्मगुरूंनाही लावतात. अंगणात म्हाताऱ्या बायका विड्याची पानं, चुना, तंबाखू घेऊन बसतात. पहिला ठोका पडला की विडा चघळायचा, म्हणजे तारुण्य टिकतं, अशी समजूत. त्यांच्याकडे बांबूच्या काडीला लावलेली लाल रंगवलेली अंडीही विकायला असतात. याच काउमान मोहल्ल्यात १९१२ साली अहमद दाहलान यांनी मुहम्मदिया ही सुधारकी मुस्लिम संघटना काढली, जिच्या शाळा आणि दवाखाने आज देशभर आहेत. एकाच गल्लीत हे दोन्ही. या शहराचा जीव मला तिथं सापडला.

प्रांबानान थोडक्यात आटोपलं, कारण त्यावर मराठीत भरपूर लिहिलं गेलंय. तरी एक सांगते. शिवमंदिराच्या उत्तरेकडच्या गाभाऱ्यात महिषासुरमर्दिनी आहे. आसपासचे गावकरी तिला रारा जोंग्रांग म्हणतात. नको असलेल्या वराला एका रात्रीत हजार देवळं बांधायला सांगणारी आणि त्याला फसवल्याबद्दल शाप मिळून स्वतःच मूर्ती झालेली राजकन्या. मूर्ती तीच, गोष्ट त्यांची.

बालीला जरूर जा. पण तिथंही ‘आपलं’ शोधायला गेलात तर बुचकळ्यात पडाल. त्यांचं शक नववर्ष न्येपी, २०२३ मध्ये आपल्या पाडव्याच्याच दिवशी, २२ मार्चला होतं. आपण गुढी उभारून शोभायात्रा काढत होतो, तेव्हा बालीत रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. त्या दिवशी दिवा लावायचा नाही, काम करायचं नाही, घराबाहेर पडायचं नाही. विमानतळसुद्धा चोवीस तास बंद. बालीचा हिंदू धर्म हा बालीचाच आहे.

एक गोष्ट मात्र मला तुमच्याशी भांडून नाही, सोबतीनं बोलायची आहे. चामडी बाहुल्यांचा खेळ आपल्याकडेही आहे. कुडाळजवळ पिंगुळीत, ठाकर समाजाकडे, चित्रकथी आणि कळसूत्रीच्या जोडीनं. तो बघायला आपल्यातले किती जण गेलेत? योग्याकार्ता आणि सोलो इथल्या सरकारी कलासंस्थांत दालांग होण्याची पदवी घेता येते, तिथले रात्ररात्रभराचे खेळ यूट्यूबवर थेट दिसतात. पिंगुळीत मोजकी घरं ही कला धरून आहेत. जावानं काय सांभाळलं याचा अभिमान वाहण्यापेक्षा गोव्याला जाताना पिंगुळीचा फाटा घ्यावा, असं मी अगदी कळकळीनं सांगेन.

आता खाणं. हा प्रश्न रास्त आहे. टेंपे आणि ताहू, म्हणजे आंबवलेलं सोयाबीन आणि टोफू, हे तिथलं रोजचं अन्न आहे, कुठंही मिळतं. गादो-गादो, पेचेल, लोतेक या उकडलेल्या भाज्यांवर शेंगदाण्याची चटणी. योग्याकार्ताचं गुदेग कोवळ्या फणसाचं, नारळाचं दूध आणि गूळ घालून तासन्‌तास शिजवलेलं असतं, पण ते बहुधा कोंबडी आणि गुरांच्या कातडीच्या ‘क्रेचेक’बरोबरच वाढतात, तेव्हा विचारून घ्या. खरी अडचण तेरासीची. आंबवलेल्या कोळंबीचा हा गोळा मिरचीच्या साम्बालमध्ये हमखास आणि शेंगदाण्याच्या चटणीतही पुष्कळदा असतो. ‘तान्पा दागिंग, तान्पा इकान, तान्पा तेरासी’ असं सांगायचं : मांस नको, मासे नको, तेरासी नको. मोठ्या शहरांत चिनी बौद्धांची पूर्ण शाकाहारी खाणावळही सापडते. आणि योग्याकार्तात असाल तर सकाळीच बेरिंगहार्जो बाजाराच्या तोंडाशी जा, तिथं पेचेल विकणाऱ्या बायका भाज्यांची पाटी मांडून बसलेल्या असतात. चटणीचं मात्र आधी विचारा.