‘दोन पेगमध्ये व्हायवा फत्ते’ म्हणणाऱ्यांना

“व्हायवा (तोंडी परीक्षा), सेमिनार, मुलाखतीची भीती वाटते? अर्धा तास आधी दोन पेग घ्या, जीभ मोकळी होते,” अशी एक पोस्ट कॉलेजच्या पोरांत फिरतेय. खाली पुस्त्या: बिअर म्हणजे दारू नव्हे, डॉक्टरच्या गोळ्यांचं व्यसन लागतं त्यापेक्षा हे बरं, व्होडकाला वास येत नाही. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या भाच्यानं ती मला पाठवून विचारलं, “मावशी, ट्राय करू का?” थट्टेत नाही. चारचौघांत बोलायचं म्हटलं की त्याला दरदरून घाम फुटतो.

दारूनं धास्ती थोडा वेळ दबते, एवढं मान्य. पण ती उतरताना मेंदू उलटा उसळतो. दुसऱ्या दिवशीची विनाकारण धाकधूक त्यातलीच. आणि खरी गोची पुढेच. सेमिनार बरा झाला तर श्रेय बाटलीला. बोलत राहिलं की भीती आपोआप ओसरते, हे पोराला कळतच नाही. पुढच्या वेळी दोनाचे तीन. अमेरिकेत मिसूरी विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांवर सात वर्षं लक्ष ठेवलेला एक अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. चिंताविकार असलेल्यांना पुढे दारूचं व्यसन जडण्याचा धोका कित्येक पटींनी जास्त निघाला, आणि व्यसन असलेल्यांना नव्यानं चिंताविकार जडण्याचाही. म्हणे औषध!

गोळ्यांच्या मुद्द्यावर मात्र माझं डोकंच फिरलं. या त्रासावर सहसा देतात त्या एसएसआरआय गटातल्या गोळ्यांची दारूसारखी तल्लफ लागत नाही. अल्प्राझोलमसारख्या, धास्ती झटकन शांत करणाऱ्या गोळ्यांची सवय लागू शकते, खरंय. म्हणून तर डॉक्टर त्या मोजून देतात. पण घरातली तीच गोळी घेऊन वर पेग मारला, तर श्वास मंदावून माणूस मरू शकतो. हे लिहायला पोस्टकर्त्याला जागा पुरली नाही. शिवाय गोळीच लागते असंही नाही, सीबीटी नावाची समुपदेशनाची पद्धत आहे. सुरुवात १४४१६ या टेली मानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या फुकट नंबरवरूनही होते, मराठीत.

बिअरचं गणित सोपं आहे. आठ टक्केवाल्या स्ट्राँगच्या ६५० मिलीच्या बाटलीत ५२ मिली अल्कोहोल, म्हणजे व्हिस्कीचे चार छोटे पेग. महाराष्ट्रात बिअरलाही वय २१ लागतं, ते वेगळंच.

राहिला व्होडकाचा वास. अल्कोहोल रक्तातून फुफ्फुसात येतं आणि श्वासावाटे बाहेर पडतं; पोलिसांचं यंत्र त्यावरच चालतं. व्हायवा घेणाऱ्या मॅडमना तर यंत्रही लागत नाही.