सीझरची मूर्ती राजाने राणीला दिलेली नाही

दगडात कोरलेल्या एका चिमुकल्या कुत्र्याचा फोटो आणि त्याखाली असा मजकूर बरेच दिवस फिरतो आहे : ‘इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड याने आपला लाडका कुत्रा सीझर याची मूर्ती राणी अलेक्झांड्राला प्रेमाने भेट दिली. रशियाचा जवाहिऱ्या फाबर्जे याने ती एका अखंड मौल्यवान रत्नात स्वतःच्या हाताने छिन्नीने कोरली. किंमत एखाद्या महालाएवढी! खऱ्या फाबर्जेवर त्याची सही असतेच.’

मूर्ती खरी आहे आणि आजही ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात आहे. मजकुरातले बाकी जवळजवळ सगळे चुकीचे आहे.

‘राजाने राणीला भेट दिली.’ राजा वारला 6 मे 1910 रोजी. मूर्ती फाबर्जेच्या लंडनमधल्या दुकानातून विकली गेली त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये. घेणारी होती मार्गारेट ग्रेव्हिल, राजाच्या स्नेहमंडळातली एक श्रीमंत बाई. तिने ती विधवा राणीला दिली.

सुरुवात मात्र राजाकडूनच झाली होती, गोंधळ बहुधा त्यातूनच झाला असावा. 1907 साली त्याने सँड्रिंगहॅमच्या आपल्या इस्टेटीवरच्या प्राण्यांच्या मूर्ती फाबर्जेला करायला सांगितल्या. शिल्पकार तिथे गेले, जिवंत जनावरे समोर ठेवून त्यांनी मेणाचे नमुने केले आणि डिसेंबरमध्ये राजाने ते पाहून पसंत केले. मग नमुने सेंट पीटर्सबर्गला गेले आणि दगडात उतरले. तयार मूर्ती लंडनच्या दुकानात येत. काही राजा स्वतः घेई, काही त्याचे स्नेही राणीला द्यायला घेत. हा एडवर्ड म्हणजे मुंबईच्या काळ्या घोड्यावरचा स्वार, फक्त तो पुतळा त्याच्या युवराजपणातला.

सीझरची मूर्ती राजाच्या हयातीत राणीकडे गेली नाही, आणि म्हणूनच ही हकिगत मला जास्त मोलाची वाटते. 20 मे 1910 च्या अंत्ययात्रेत हा केसाळ टेरियर राजाच्या शवपेटीमागून चालला. जर्मनीचा कैसर आणि युरोपातले इतर राजे त्याच्या मागे होते. पुढे विंडसरला राजाच्या समाधीवर शिल्प घडवले, तेव्हा राजाच्या पायाशी सीझरही कोरला. मूर्तीच्या गळ्यात सोन्याचा, मिन्याचे काम केलेला पट्टा आहे आणि त्यावर इंग्रजीत लिहिले आहे, ‘मी राजाचा आहे’. राजा जाऊन सहा महिने झालेले, 1 डिसेंबरला राणीचा वाढदिवस, वैधव्यातला पहिलाच. अशा वेळी ही मूर्ती तिच्या हाती देणाऱ्या बाईचे नावच मजकुरातून गायब व्हावे, याचे मला मनापासून वाईट वाटते.

‘मौल्यवान रत्न.’ डोळे तेवढे माणकांचे. अंग कॅल्सेडनीचे, म्हणजे अकीकाच्याच जातीच्या दगडाचे. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणातल्या पोकळ्यांतही तो सापडतो. फाबर्जेच्या प्राण्यांमध्ये दगडाच्या भावाला फारसे महत्त्व नसे; कोणत्या जनावराला कोणता रंग, कोणती झाक शोभेल हे बघून दगड निवडला जाई. सीझरला दुधाळ, किंचित पारभासक दगड मिळाला आणि त्यावर त्याचे राठ केस बारीक रेघांनी उठवले.

‘छिन्नीने, स्वतःच्या हाताने.’ फाबर्जेकडे सुमारे 500 माणसे कामाला होती. कार्ल फाबर्जे कल्पना, पसंती आणि देखरेख बघे. दगड कोरणारे कारागीर वेगळे. शिवाय या दगडावर पोलादी पातेही चालत नाही, आणि एवढ्याशा कामात छिन्नी मारली तर तो टवका उडून फुटायचा. तो कोरण्यापेक्षा झिजवावाच लागतो. फिरत्या चाकावर कठीण खनिजाची भुकटी ओली करून लावायची आणि दगड हाताने त्यावर धरायचा. कान, पंजे, बोटांमधली खाच, सगळे असेच कणाकणाने घासून निघते. एकदा जास्त घासले गेले तर परत भरता येत नाही. खंबातचे अकीक कारागीर दगडाला आधी टवके काढून आकार देतात, पण शेवटचे काम त्यांनाही घासूनच करावे लागते. मजकूर लिहिणाऱ्याने या कष्टांचा एका शब्दानेही उल्लेख केलेला नाही.

‘महालाएवढी किंमत.’ 35 पौंड. मजुराला ही कित्येक महिन्यांची कमाई, हे खरे. पण 1913 मध्ये झारसाठी केलेल्या ‘हिवाळी’ नावाच्या रत्नजडित अंड्याचे 24,600 रूबल, म्हणजे तेव्हाच्या दराने अडीच हजार पौंडांहून अधिक पडले होते. दोन्ही वस्तू एकाच पेढीच्या.

‘सही असतेच.’ हे वाक्य सगळ्यात घातक, कारण त्यावर विसंबून लोक पैसे घालवतात. ज्यावर सोन्याचांदीचा भाग नाही असे नुसत्या दगडाचे प्राणी बहुधा बिनसहीचेच असतात. सही खोटी कोरणे सोपे आहे, आणि बनावट माल भरपूर आहे. खरेपणा ठरतो तो काम बघून आणि वस्तू कुणाकडून कुणाकडे गेली याच्या कागदांवरून. सीझरच्या बाबतीत तो कागद आहे : लंडन शाखेच्या 1907 ते 1917 च्या विक्रीवह्या टिकून आहेत. 35 पौंड आणि ग्रेव्हिलबाईंचे नाव आपल्याला कळते ते त्या वह्यांमुळेच.

फोटो पुढे पाठवायचाच असेल तर ‘राजाने दिली’ हे काढून तिथे मार्गारेट ग्रेव्हिल, नोव्हेंबर 1910, एवढे घाला.