डिस्टोपिया शिकवताना 'भाकीत खरं ठरलं का' हा प्रश्न शेवटी विचारा

हायस्कूलच्या इंग्रजीच्या तासाला डिस्टोपियन कथा, म्हणजे माणसांना जखडून ठेवणाऱ्या काल्पनिक समाजव्यवस्थेची कथा, आली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: यातलं आज काय काय खरं झालंय? मुलं कॅमेरे, मोबाइल, जाहिराती सांगतात, फळा भरतो, आणि पुस्तक मिटलेलंच राहतं. फार वाईट वाटतं याचं. या साहित्यात सत्ता माणसांच्या तोंडचे शब्दच बदलते, आणि भाषेच्या तासाला पाहायचं असतं ते नेमकं हेच.

सुरुवात कादंबरीने करू नका. रे ब्रॅडबरीची 'द पेडेस्ट्रियन' (१९५१) ही लघुकथा एका तासात वाचून होते. २०५३ साल, एक माणूस रात्री नुसता पायी फिरतो म्हणून पकडला जातो. पहिल्या वाचनानंतर एकच काम द्या: या शहराचे न सांगितलेले नियम शोधा, आणि प्रत्येक नियम कोणत्या वाक्यावरून कळला ते दाखवा. वाक्यावर बोट ठेवता आलं नाही तर नियम खोडायचा. तीस लाख वस्तीला पोलिसांची एकच गाडी, हे वाचून मुलं 'म्हणजे शहर सुरक्षित' म्हणत पुढे सरकतात. तिथे थांबा. गुन्हे कशामुळे आटले? सगळे घरात पडद्यासमोर बसलेत म्हणून.

दुसरा घोळ व्याख्येचा. झोंबी, महापूर, अणुयुद्धानंतरचं ओसाड जग यांनाही मुलं डिस्टोपिया म्हणतात. तिथे व्यवस्था कोसळलेली असते; डिस्टोपियात ती सुरळीत चाललेली असते आणि कुणाला तरी मनापासून पटलेली असते. व्हॉनेगटच्या 'हॅरिसन बर्जेरॉन'मध्ये (१९६१) कुणी कुणापेक्षा वरचढ असू नये म्हणून सरकारने जॉर्जच्या गळ्यात शिशाच्या गोळ्यांची ४७ पौंडांची, म्हणजे साधारण २१ किलोंची पिशवी अडकवली आहे. बायको म्हणते, थोड्या गोळ्या काढ. तो नकार देतो. दंडाची आणि तुरुंगाची भीती आहेच, पण सगळेच असं करू लागले तर काय होईल, हेही तोच तिला समजावतो. त्या संवादावर अख्खा तास घालवला तरी चालेल.

ऑर्वेलच्या '१९८४'मधली (१९४९) न्यूस्पीक, म्हणजे सत्तेने मुद्दाम शब्द कमी करत नेलेली भाषा, समजावून सांगू नका, वापरायला लावा. अन्यायाची तक्रार ८० शब्दांत लिहायची; विशेषणं फक्त गुड, अनगुड, प्लसगुड, डबलप्लसगुड. 'अनफेअर' नाही, 'क्रुएल' नाही. विषय मोकळा सोडलात तर नुसती गंमत होते, म्हणून तक्रारच हवी. हाताशी शब्द नसल्याने तक्रार कुठे अडते, ते मुलांना लिहितानाच जाणवतं.

लोइस लॉरीच्या 'द गिव्हर'मध्ये (१९९३) 'रिलीज' हा शब्द जिथे जिथे येतो तिथे खूण करून बाजूला तेव्हा वाटलेला अर्थ लिहायला सांगा. जुना अर्थ खोडायचा नाही. खरा अर्थ (ठार मारणं) उघड होतो ते प्रकरण घरी वाचायला देऊ नका. वर्गातच वाचा आणि पुढचा भाग जड आहे याची कल्पना आदल्या दिवशी द्या.

शेवटी स्वतःचं जग लिहायला लावाल तेव्हा मर्यादा घाला: एक नियम, एक घर, एक दिवस, ३०० शब्द. नाहीतर पहिली दोन पानं सरकार कसं आलं यातच जातात. तो नियम लोकांनी कधीतरी आनंदाने मागून घेतलेला असावा, आणि त्यासाठी सरकारने काढलेला गोड शब्द गोष्टीत यायलाच हवा. गुण देताना मी आधी तो शब्द पाहीन, मग कथानक.