दोन थेंब तेल आणि मुहूर्ताचा कोपरा

आमची पद्मिनी पावसाळ्यात सर्दी झाल्यासारखी वागते. सकाळी चावी फिरवली की स्टार्टर घुर्र घुर्र करतो, आतून एखादी शिंक येते आणि पुन्हा शांतता. सुरू झालीच तर चौकापर्यंत चारपैकी तीनच सिलिंडर कामावर, चौथा रजेवर. 1986 सालची गाडी, वडिलांनी नंबर लावून, वाट बघून घेतलेली. विकायचं नाव काढलं की आई काही बोलत नाही, नुसती त्यांच्या फोटोकडे बघते.

या खेपेला मिस्त्रींनी फोनवरच निदान केलं.

"डिस्ट्रिब्युटर कधी उघडला होता, साहेब?"

मला आठवेना.

"मग उघडा, पुसा, पॉइंट घासा, दोन थेंब तेल द्या. अर्ध्या तासाचं काम."

मिस्त्रींच्या अर्ध्या तासात माझा अख्खा रविवार जातो.

ज्यांच्या गाड्या बटण दाबून सुरू होतात त्यांच्यासाठी सांगतो, डिस्ट्रिब्युटर म्हणजे पंगतीतला वाढपी. कॉइलकडून आलेला करंट त्याने गोल फिरत चार प्लगना पाळीपाळीने वाढायचा. पानावर चौघेच, पण इंजिन मिनिटाला तीन हजार फेऱ्या मारत असेल तर सेकंदाला शंभर वेळा वाढावं लागतं. फिरतो तो रोटर. त्याच्या खाली दोन इवलेसे पॉइंट असतात. मधला चौकोनी कॅम फिरताना त्यांना ढकलून उघडतो, आणि ते उघडले रे उघडले की तिकडे ठिणगी पडते. आमच्याकडे वाढपी दमट झाला होता आणि पॉइंटवर काजळी धरली होती.

कॅप निघाली. रोटर निघाला. पॉइंट धरून ठेवणारा स्क्रूही निघाला, आणि सरळ आत पडला.

हा स्क्रू डाळिंबाच्या दाण्याएवढा असतो. तो आत असताना इंजिन फिरवलं तर काय होईल, हे तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी गॅलरीतून इतक्या बारकाईने सांगितलं, की मला गाडीचा दहावा-बारावा एकदमच दिसला. गोव्याहून आणलेलं फ्रीजवरचं मॅग्नेट आत घातलं. ते स्क्रूला न चिकटता डिस्ट्रिब्युटरलाच चिकटलं. मग आईने वरून चिमटा पाठवला, भुवयांचा नव्हे, पापड भाजायचा. अखेर स्क्रूड्रायव्हरच्या टोकाला ग्रीस लावून, त्याला चिकटवून, श्वास रोखून स्क्रू वर आणला. वर आल्यावर शिंकलो. दुसऱ्यांदा तोच खेळ.

पॉइंट घासले, बसवले. आता गॅप. कॅमचा कोपरा बरोबर पॉइंटवर आला, की दोन पॉइंटमधली फट अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी हवी. कोपरा आणायचा तर इंजिन केसभर फिरवायला हवं. त्यासाठी गाडी टॉपला टाकून मुलाला मागून ढकलायला लावलं. "अजून... अजून... बस! मागे घे!" मागे घ्यायला तो पुढे आला. तोवर गाडी त्याच्याशिवायच सरकली. सोसायटीच्या उताराबद्दल बिल्डरने जाहिरातीत काहीच म्हटलं नव्हतं.

फट मोजायची पातळ पट्टी, म्हणजे फिलर गेज, सापडेना. मिस्त्री म्हणाले, "जाड पत्रिकेचा कागद घ्या, आम्ही पण अडल्यावर तेच करतो." कपाटात एक जुनी, सोनेरी काठाची, चांगली ताठ पत्रिका होती. कोपरा कापला. पॉइंटमध्ये असा बसला की जणू त्यासाठीच छापला होता.

आता तेल. खरी अडचण इथे. आमच्या घरात तेल थेंबांनी वापरायची परंपरा नाही. दिवाळीला आई माझ्या डोक्यावर वाटी उपडी करून मोठी झालेली बाई, म्हणजे मी मोठा झालो, ती करतच राहिली. अशा माणसाला सांगायचं, की रोटरखालच्या दांड्याच्या डोक्यावर इंजिन ऑइलचे दोन थेंब, पॉइंटच्या खिळीवर एक, आणि कॅमला ग्रीसचं नुसतं बोट! इतक्या वर्षांनी भेटलेल्या गाडीला दोन थेंब? मला माझीच लाज वाटली. मी पहिले दोन तिच्यासाठी घातले, पुढचे दोन वडिलांच्या आठवणीसाठी, आणि नंतरचे मोजले नाहीत. ग्रीसही सणाचं केलं.

राहिल्या वायरी. काढताना मी त्यांना चिकटपट्टीवर 1, 2, 3, 4 असे आकडे घातले होते आणि त्यावर खूश होतो. काकांनी वरून सांगितलं, "ओळीने लावा की, त्यात काय!" ओळीने लावल्या. चावी फिरवली. सायलेन्सरमधून असा बार निघाला की समोरच्या झाडावरचे सगळे कावळे आणि गॅलरीतले काका एकदम गायब झाले.

मिस्त्री फोनवर बराच वेळ हसत होते. "साहेब, हे इंजिन एक-तीन-चार-दोन असं चालतं. दोन नंबरवाला सगळ्यात शेवटी!" तशा लावल्या, आणि पद्मिनी लोण्यासारखी सुरू झाली. मी संध्याकाळी मुद्दाम काकांच्या गॅलरीखाली तीन चकरा मारल्या.

सोमवारी सकाळी भर पुलावर तिने दोन आचके दिले आणि मान टाकली. मागे बसवाल्याने हॉर्नवर हात ठेवला तो ठेवलाच.

मिस्त्रींनी कॅप उघडली आणि आत बोट फिरवून माझ्यापुढे धरलं. काळंकुट्ट. जास्तीचं तेल फिरत्या दांड्यावरून उडून पॉइंटवर पडतं, तिथे ठिणगीत जळतं आणि जळलेला थर करंट अडवतो. हे त्यांनी शांतपणे सांगितलं, मग म्हणाले, "दोन थेंब म्हणजे दोन थेंब, साहेब. पोलिओचा डोस समजा. पोराला कुणी वाटीभर पाजतं का?"

"पण तेल कमी पडलं तर?"

"तर पॉइंटची टाच झिजते, गॅप मिटतो, टायमिंग मागे जातं. त्याला वर्ष लागतं. तुम्ही एका रात्रीत काम उरकलंत."

वीस मिनिटांत त्यांनी सगळं पुसून, तीन थेंब टाकून, गाडी चालू केली. गॅपला हातही लावला नाही. "हे मात्र एकदम बरोबर जमलंय. कागद कसला होता?" मी खिशातून कोपरा काढून अभिमानाने दाखवला. त्यांनी उलटसुलट करून पाहिला आणि चष्मा पुसला. "साहेब, यावर शुभमुहूर्त लिहिलंय."

घरी आलो तेव्हा बायको कपाटासमोरच उभी होती. पुढच्या महिन्यात लग्नाला पंचवीस वर्षं होताहेत आणि पत्रिका फ्रेम करायचं तिच्या मनात होतं.

"अहो, यातला मुहूर्त कुठे गेला?"

तेव्हापासून वाद चालू आहे. ती म्हणते 12 वाजून 35 मिनिटं, मी म्हणतो 37. कोपरा माझ्याकडे आहे, पण त्यावर इतकं ग्रीस आहे की वाचता येत नाही.