‘गेले ते शुगर-बीपीवाले’ हा फॉरवर्ड आता पुरे

‘कोरोनाचं खरं सत्य, एका मोठ्या डॉक्टरांकडून’ असा मथळा आणि खाली सात मुद्दे. खोकल्या-तापाची साथ आली की कुणीतरी हा फॉरवर्ड पुन्हा उकरून काढतं. मोठ्या डॉक्टरांचं नाव अर्थातच नाही. एरवी मी पुढे सरकलो असतो, पण या वेळी माझ्या मामीला ताप आला, तिने हा वाचला आणि कुणाला न विचारता मेडिकलमधून डेक्साची, म्हणजे डेक्सामेथासोन या स्टेरॉइडच्या गोळ्यांची, पट्टी आणवली. मामीला कित्येक वर्षांचा मधुमेह आहे. म्हणून चौथा मुद्दा आधी घेतो. बाकीचे नुसते मूर्खपणाचे आहेत, हा घातक आहे.

‘हॉस्पिटलात शेवटी स्टेरॉइडच देतात, मग पहिल्या दिवसापासून घरीच घ्या.’ देतात, हे खरं. कुणाला देतात, ते सोयीस्करपणे गाळलंय. २०२० साली ब्रिटनमध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ‘रिकव्हरी’ नावाची मोठी चाचणी घेतली. सहा हजारांहून जास्त रुग्ण. डेक्सामेथासोन कुणाला मिळणार हे डॉक्टरच्या मर्जीवर नव्हतं, चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरलेलं. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत २८ दिवसांतले मृत्यू ४१.४ टक्क्यांवरून २९.३ वर आले. नुसत्या ऑक्सिजनवर असलेल्यांत २६.२ वरून २३.३ वर. आणि ज्यांना ऑक्सिजन लागलाच नव्हता, त्यांच्यात? औषध न घेतलेल्यांत १४ टक्के, घेतलेल्यांत १७.८. हा शेवटचा फरक योगायोगाचाही असू शकतो, पण फायदा दिसला नाही. त्याला कारण आहे. पहिल्या दिवसांत विषाणू वाढत असतो आणि त्याच्याशी लढायला प्रतिकारशक्ती हवी असते. स्टेरॉइड तिलाच दाबतं. पुढे काहींच्या बाबतीत तीच प्रतिकारशक्ती भडकून फुफ्फुसं सुजवते, तेव्हा तिला आवरायला ते कामाला येतं. औषध तेच; वेळ चुकली की उलटं.

त्यात मधुमेही माणूस असला तर विचारूच नका. स्टेरॉइडने शुगर भडकते, आणि भडकलेल्या शुगरवर म्युकरची, म्हणजे तीच ‘काळी’ म्हणतात ती, बुरशी पोसते. मे २०२१ मध्ये महाराष्ट्रात काय झालं ते इतक्यात विसरलो? कोरोनातून उठलेल्या माणसांचे डोळे काढावे लागले, जबडे काढावे लागले, आणि नातेवाईक त्या बुरशीवरच्या अँफोटेरिसिनच्या इंजेक्शनसाठी गावोगाव फोन फिरवत होते.

आता पहिला मुद्दा, ज्यावरून या लेखाला मथळा मिळाला. ‘गेले ते शुगर-बीपीवाले, कोरोना नुसतं निमित्त.’ इंग्लंडमधल्या पावणेदोन कोटी प्रौढांच्या नोंदी तपासून २०२० मध्ये ‘नेचर’ या विज्ञानाच्या नियतकालिकात एक अभ्यास आला. शुगर आटोक्यात नसलेल्यांना कोरोनाने मरण्याचा धोका साधारण दुप्पट, फार लठ्ठ माणसांनाही तितकाच, पुरुषांना बायकांच्या दीडपटीहून थोडा जास्त. सगळ्यांत मोठा आकडा वयाचा: पन्नाशीतल्यांच्या तुलनेत ऐंशीपुढच्यांना वीसपटीहून अधिक. बीपीचा मात्र, वय-वजन-मधुमेह हिशोबात धरल्यावर, वेगळा असा धोका उरला नाही. म्हणजे मथळ्यातली अर्धी जोडी इथेच गळते. शुगरचं मी मान्य करतो, नाइलाजाने. पण दुप्पट धोका म्हणजे ‘जाणारच होता’ नव्हे. २०२३ मध्ये आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) पाहणीने देशात दहा कोटींहून जास्त मधुमेही असल्याचा अंदाज दिला. ते सगळे काय निमित्ताची वाट बघत बसलेत? गोळ्या घेऊन वीस-पंचवीस वर्षं संसार, शेती, नोकरी करतात ही माणसं.

‘धडधाकटाला काही होत नाही.’ पुणेकरांनी तरी हे बोलू नये. साथ वेगळी होती, पण ऑगस्ट २००९ मध्ये देशातला स्वाइन फ्लूचा पहिला बळी पुण्यात गेला, तो चौदा वर्षांच्या शाळकरी मुलीचा. नायडू हॉस्पिटलबाहेर रांगा लागल्या होत्या. त्या साथीत म्हातारे नव्हे, तरुणच जास्त सापडले. गरोदर बायकांना तर फार जपावं लागलं.

‘विडी ओढणाऱ्यांना कोरोना शिवत नाही.’ वरच्याच अभ्यासातला एक आकडा कुणीतरी उलटा धरलाय. फुफ्फुसांचे जुनाट आजार हिशोबातून बाजूला काढले की विडी निर्दोष दिसते. ते आजार होतात कशाने, हे विचारायचं नाही. काढ्याच्या मुद्द्याबद्दल बोलत नाही. घशाला बरं वाटतं, प्या.

उरले दोन. ‘हॉस्पिटलात गेलेलाच मरतो’ आणि ‘पालथं झोपलं की ऑक्सिजन लागत नाही’. हॉस्पिटलात जास्त मृत्यू होतात कारण जास्त आजारी माणसं तिथे जातात, आणि बरीचशी उशिरा जातात. कोरोनात दम न लागताही ऑक्सिजन उतरतो, हीच तर त्यातली मेख. माणूस फोनवर गप्पा मारत असतो आणि बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर ऑक्सिजनचा आकडा ८५ असतो. पालथं झोपून आकडा थोडा चढतो, हे खरंय. म्हणून घरात ऑक्सिमीटर ठेवा, सहा मिनिटं चालून पुन्हा बघा. ९४ च्या खाली गेला तर पालथं जरूर झोपा, पण गाडी बोलावून झाल्यावर.